बाबलीची कंबर आणि माझी पडवी

आमच्या सुनेत खोट काढायची झाली तर एकच आहे, पण ती एक दहांना पुरून उरेल. ती माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, कमरेकडे बघते. दारात माणूस आला की आपण म्हणतो, या, बसा, पाणी घ्या. अक्षया आधी बघते तो बसतो कसा. परवा आमचे चुलत दीर मिठबावहून आंब्याची पेटी खांद्यावर घेऊन आले. पेटी उतरवून घ्यायची राहिली बाजूला, ही त्यांना म्हणते, काका, तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. दीर घाबरले. जाईपर्यंत ते आमच्या आरशासमोरून हलले नाहीत, आणि चहा थंड झाला तो झालाच.

कणकवलीला हाडांच्या डॉक्टरांकडे ती कामाला जाते. सुई टोचत नाही, बाटली लिहून देत नाही. माणसाला खाटेवर आडवं करते आणि पाय वर घ्या, पाय खाली घ्या म्हणते. माणूस बरा होऊन घरी जातो असं माझा मुलगा सुशांत सांगतो. तो तिचा नवरा आहे, त्याने दुसरं काय सांगायचं.

तर अशी सून घरात असताना मी पडवी बांधायला काढली. न काढून चालण्यासारखं नव्हतं. गेल्या चतुर्थीला भजनी मंडळ आलं तेव्हा बुवा आत, पेटी आत, टाळवाले आत आणि पखवाजवाला अर्धा बाहेर. वरून पागोळ्या. आरतीपर्यंत पखवाज असा भिजला की ओल्या गोणपाटावर कोणी धपाटे घालतंय असं वाटावं. त्यानंतर गावात एकच विषय, अक्काकडचा पखवाज. मी काळ्या वाटाण्याची उसळ केली होती, कोपरापर्यंत हात दुखेस्तोवर खोबरं वाटलं होतं, त्याबद्दल कोणाच्या तोंडातून शब्द नाही. तेव्हाच ठरवलं, पुढच्या चतुर्थीला पखवाजवाला आत बसेल आणि त्याच्या बाजूला आणखी एक पखवाजवाला बसेल एवढी जागा करीन.

शिमगा झाला आणि जुन्या पडवीची कौलं उतरवली, भिंत पाडली. घराचं तोंड उघडं पडलं. मिरगाचा पाऊस लागायच्या आत ते झाकायला हवं, हे पोरासोरांनाही कळतं. पण हे आंब्याकाजूचे दिवस. या दिवसांत नवरामुलगा मिळेल, गवंडी मिळणार नाही. तरी बाबली मेस्त्री मिळाला. आमच्या वाडीत ज्या भिंती सरळ आहेत त्या बाबलीच्या, आणि ज्या वाकड्या आहेत त्यांच्या मालकांनी बाबलीशी भांडण केलेलं आहे. त्याच्याबरोबर त्याची बायको शेवंती आणि हाताखाली गणपत. शेवंती डोक्यावर चुंबळ ठेवून चिरे वाहायची, गणपत माल कालवायचा.

चिरा म्हणजे आमच्याकडचा तांबडा जांभा दगड, खाणीतून कापून आणलेला. दिसतो चहाच्या पेटीएवढा, पण उचलायला गेलात तर भरलेली घागर बरी म्हणाल. बाबली तो उचलायचा कसा, तर पाय ताठ, पाठीची कमान, एक हिसडा आणि चिरा पोटावर. हिसड्याबरोबर नाकातून एक आवाज यायचा. मला तो आवाज कामाचाच भाग वाटायचा. सुताराच्या करवतीला असतो, तसा गवंड्याच्या नाकाला.

अक्षया उंबऱ्यात उभी राहून बघत होती. चहाचा कप हातात निवत होता. शेवटी आत येऊन म्हणाली, आई, हा माणूस आंबे संपायच्या आत आडवा पडणार. मी म्हटलं, शुभ बोल गो नारी. त्याने अर्धा गाव बांधलाय. म्हणाली, म्हणूनच.

आता मला वाटलं होतं विषय संपला. पण संध्याकाळी मी तांदूळ निवडत बसले होते तेव्हा ती बाजूला येऊन बसली आणि हळू आवाजात सांगितलं ते ऐकून माझ्या सुपातले खडे सुपातच राहिले. शेवंतीने तिला विहिरीपाशी गाठलं होतं. गेल्या दिवाळीत बाबली चटईवरून उठू शकत नव्हता. त्याला भिंतीला धरून उभं करायला लागायचं. गावात सांगितलं ताप आलाय. कमरेला तो पंचा घट्ट आवळून बांधतो, ती ऐट नव्हे, तो त्याचा टेकू. मेस्त्रीची कंबर गेली हे एकदा तिठ्यावर कळलं की त्याला कोण काम देणार, आणि तो बसला की घरातली चूलही बसणार. शेवंतीने अक्षयाला शपथ घातली होती कोणाला सांगू नको म्हणून. अक्षयाने मला शपथ घातली. मला वाईट वाटलं. बाबलीबद्दल वाटलं आणि पडवीबद्दलही वाटलं. कुठलं जास्त, ते मी तपासायला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. सकाळीच ओढणी कमरेला बांधून ही घरासमोरच्या खळ्यात उतरली आणि शाळा भरवली. आधी सगळ्यांना हात वर करायला लावले, मग मान फिरवायला, मग पाय झाडायला. म्हणे बैलाला जुंपायच्या आधी सुद्धा चालवतात, अंग गरम व्हायला लागतं. मग चिऱ्यासमोर पाय फाकून उकिडवी बसली, पाठ सरळ ठेवली, चिऱ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि मांड्यांच्या जोरावर सावकाश उठली. म्हणाली, कंबर फिरवायची नाही, पाय फिरवायचे. चिरा अंगापासून लांब धरायचा नाही. ओला मोठा चिरा एकट्याने घ्यायचा नाही. शेवंतीला म्हणाली, डोक्यावरून वाहू नकोस, मानेचे मणके झिजतात.

गणपत फिदीफिदी हसत होता. बाबली विडी ओढत ओळंब्याची दोरी सोडवत होता. तिचं सगळं झाल्यावर म्हणाला, "बाय, तुमचा बरोबर आसात. पण मेस्त्री चिऱ्यासमोर परसाकडे बसल्यासारखो बसलो तर लोक काय म्हणतले?"

मी सुद्धा म्हटलं, मेस्त्री उकिडवा बसला तर भिंतही उकिडवी बसेल. खरं तर मला दोन्ही पटत होतं. सून सांगते ते पटत होतं आणि बाबली सांगतो ते जास्त पटत होतं, कारण ते मला आधीपासून माहीत होतं.

मग तिचं दुसरं निघालं. म्हणे चिरा जमिनीवरून उचलूच नये, कमरेच्या उंचीवरून उचलावा. त्यासाठी सुशांतने माडाखालचं जुनं बाक आणून खळ्यात मांडलं. मी विचारलं, चिरे बाकावर जाणार कसे? म्हणाली, उचलून ठेवायचे. कुठून? जमिनीवरून. म्हणजे चिरे जमिनीवरून उचलायला लागू नयेत म्हणून आधी ते जमिनीवरून उचलायचे. मी भात शिजेपर्यंत ह्याच्यावर विचार केला. भात करपला, पण उलगडा झाला नाही. संध्याकाळी तिने समजावलं, की पुढचा ट्रक येईल तेव्हा चिरे ट्रकवरून थेट बाकावर उतरवायचे. ते पटलं. पण ट्रकबरोबरच्या माणसांना कोण पटवणार. ते घाईत होते. त्यांनी चिरे उतरवले ते माझ्या वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांवर. दोनचार चिरे मान ठेवल्यासारखे बाकावर टेकवले, तर बाकाचा पायच मोडला आणि सगळं खाली.

बाबली पोट धरून हसला. हसता हसता एकदम थांबला, हात कमरेवर गेला आणि तोंड सोलांसारखं झालं. शेवंती धावली. तो म्हणाला, काय नाय, मुंगी चावली. मग बराच वेळ तो माडाला टेकून उभा होता. मुंगी चावली तर माणूस मुंगी शोधतो. बाबलीने शोधली नाही.

त्या दिवसापासून शेवंती आणि गणपत, बाबलीची पाठ असली की अक्षयाने दाखवल्यासारखे चिरे उचलायला लागले. चिऱ्यासमोर बसायचे, दोन्ही हात लावायचे, डोळे समोर, सावकाश उठायचे. आणि इथेच घात झाला, कारण कुंपणाच्या गडग्यापलीकडे भाई उभे होते.

भाई म्हणजे आमचे शेजारी. जन्मभर कचेरीत पट्टेवाले होते. साहेबाच्या दाराबाहेर बसून बसून त्यांना आतल्या सगळ्या निकालांची सवय लागली आहे, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा निकाल ते पुरावा बघायच्या आत देतात. पडवीच्या कामात त्यांनी सुरुवातीपासून सल्ले दिले होते. दार पूर्वेला ठेव, खिडकी ठेवू नको, ठेवलीस तर आमच्याकडे ठेवू नको. चष्मा ते वापरत नाहीत, चष्म्याने नजर कमी होते म्हणतात. तर त्या नजरेने त्यांना गडग्यावरून काय दिसलं? जोत्यात भरायला फणसाखालची माती उकरलेली, आणि तिथे शेवंती आणि गणपत एका चिऱ्यासमोर गुडघे मोडून बसलेत, त्याला हात लावून क्षणभर गप्प राहिलेत, आणि मग तो उराशी धरून हळूहळू उठतायत. जत्रेत देवाचे तरंग, ते साड्या गुंडाळलेले खांब, उचलतात तसे.

जुन्या घराच्या जागेला राखणदार देव असतो, हे आमच्याकडे कोणाला शिकवायला लागत नाही. खणताना तो हाताला लागतो असं पण म्हणतात. भाईंनी मला विचारलं नाही, शेवंतीला विचारलं नाही. पिशवी घेऊन तिठ्यावर मासे आणायला गेले. ते परत यायच्या आत बातमी परत आली होती.

मी आत खोबरं किसत होते. उदबत्तीचा वास आला म्हणून बाहेर आले तर खळ्यात बायका. चिऱ्यांच्या ढिगावर वरच्या चिऱ्याला जास्वंद वाहिलेली, समोर नारळ, आणि खालच्या वाडीची काशीबाई हात जोडून. मला म्हणते कशी, "अक्का, येवढी मोठी गोष्ट, आणि तू आमका सांगूक नाय?"

आता मला सांगा, माझ्या खळ्यात देव निघाला आणि तो मला काशीबाईकडून कळला, हे मी कबूल करायचं? चार बायकांसमोर? मी आत गेले, हळदकुंकवाचा करंडा आणला, चिऱ्याला कुंकू लावलं आणि म्हटलं, "माका सकाळधरना ठावक होता. सांगूचा नाय म्हणान सांगलंय नाय."

एवढं एकच बोलले मी. पण त्या बोलण्याने जे भाईंच्या डोळ्यांना दिसलं होतं ते गावाच्या दृष्टीने पक्कं झालं.

बाबलीने थापी खाली ठेवली. म्हणाला, ह्या चिऱ्याला मी हात लावणार नाही. मी म्हटलं, बाकीच्यांना लाव. तो बाकीच्यांना लावणार होता, पण तेवढ्यात वारा आला, जास्वंद खाली पडली, आणि गणपतने भक्तिभावाने ती उचलून परत ठेवली. कुठल्या चिऱ्यावर ठेवली ते त्याला सांगता येईना. कुंकू शोधायला गेलो तर चिरा मुळात तांबडा, त्याच्यावर कुंकू दिसतं कोणाला. आता कुठला देव आणि कुठला दगड, कोणालाच ठाऊक नाही. सगळ्यांनाच हात लावायची पंचाईत. काम बंद. घराचं तोंड उघडं, आणि संध्याकाळी आचऱ्याच्या समुद्राच्या बाजूला ढगाचा एक तुकडा येऊन मला वेडावून जायचा.

अक्षया कामावरून आली, ढीग बघितला, आणि मला विचारलं, आई, हे काय? मी म्हटलं, तुझीच शाळा. मुलं पास झाली.

त्यात ग्रामसेवक आले. तरुण माणूस, मोटरसायकलवरून उतरून आधी केस नीट केले. त्यांच्याशी मी शुद्ध बोलते, कारण सरकारला आपली भाषा कळत नाही अशी माझी समजूत आहे. ते म्हणाले, आजी, तुमचा अर्ज पडवीचा आहे, पण इथे प्रार्थनास्थळ उभं राहतंय असं समजलं. त्याला वरून परवानगी लागते. कोणाकडून समजलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण भाई गडग्यापलीकडे जरा जास्तच लक्ष देऊन अळू तोडत होते. मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे देव वगैरे काही नाही. त्याच वेळी माझ्यामागे काशीबाईने घंटी वाजवली. ती रोज घरून घंटी घेऊन यायला लागली होती.

साहेबांनी घंटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, मी पाहणीला परत येतो. तोपर्यंत काम थांबवा. थांबलेलं काम थांबवा म्हणून सांगायला सरकारला पेट्रोल परवडतं, हे मला नवीन होतं.

आता एकच दरवाजा उरला, तो देवळाचा. कौल लावायचा ठरला. मी, बाबली, शेवंती, अक्षया आणि बोलावलं नसताना भाई, असे देवळात गेलो. गुरवाने देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग मला म्हणाला, प्रश्न सांगा. आणि मला प्रश्नच सुचेना. बाबलीला विचारायचं होतं चिऱ्यात कोण आहे. मला विचारायचं होतं पडवी पुरी करू का. भाईंना विचारायचं होतं, राखणदार निघाला तो गडग्याच्या ह्या बाजूचा की त्या बाजूचा, म्हणजे त्यांचा पण हिस्सा आहे का. गुरव म्हणाला, देवाला एका वेळी एक विचारतात. मग आम्ही एवढे भांडलो की त्याने कंटाळून सगळ्यांचं मिळून एक लांबलचक गाऱ्हाणं घातलं. आम्ही होय म्हाराजा म्हणत गेलो. कशाला होय म्हणतोय ते शेवटी शेवटी मला कळेनासं झालं.

देवालाही कळलं नसावं. दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

गुरवाने दोन्ही पाकळ्या उचलून तळहातावर घेतल्या. म्हणाला, माझ्या बापाच्या वेळेपासून असं झालं नाही, पुढच्या सोमवारी बघू. पुढच्या सोमवारी म्हणजे मिरग दारात. देवळाच्या पायऱ्या उतरताना बाबली एक हात कमरेवर ठेवून, आधी एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा पाय, असा उतरत होता. शेवंती त्याच्या पुढे चालत होती, म्हणजे कोणाला वाटू नये की ती त्याला सांभाळतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबली आला तो हत्यारं न्यायला. म्हणाला, अक्कानू, समुद्राकडे हॉटेलाचं काम निघालंय, थय जातंय. शेवंतीचं तोंड उतरलेलं. तिथे गेला तर पहिल्याच पोत्याला आडवा पडेल हे तिला ठाऊक, मला ठाऊक, आणि त्याला तर सगळ्यांत जास्त ठाऊक. आणि नेमके तेव्हाच ग्रामसेवक मोजपट्टी घेऊन हजर. सगळे एकाच खळ्यात. अक्षया कामाला निघाली होती ती उंबऱ्यात थांबली. काशीबाई घंटी घेऊन तयार.

साहेब म्हणाले, आजी, एक काय ते नक्की सांगा. ह्या दगडांत देव आहे की नाही?

नाही म्हटलं तर साहेब पडवी लिहिणार, पण बाबली चिऱ्यांना हात लावणार नाही, कारण मीच त्याच्यासमोर कुंकू लावलेलं. आणि समजा लावलाच, तर पूर्वीसारखा हिसडा मारून उचलणार, आणि मग माझी पडवी आणि त्याची कंबर एकदम खाली येणार. आहे म्हटलं तर बाबली राहणार, पण साहेब माझ्या घराचं देऊळ करणार. इकडे साहेबांच्या हातात पेन, तिकडे बाबलीच्या कमरेला तो आवळलेला पंचा. मी मेली त्या पंच्याकडेच बघत राहिले. डोक्यात नुसता रवा भाजल्यासारखा आवाज. आणि मग तोंडातून काय गेलं ते मला ऐकल्यावर कळलं.

"देव उचलतना आसा. बसवल्यार नाय."

साहेबांना कळलं नाही म्हणून शुद्धात सांगितलं, की साहेब, दगड हातात आहे तोवर देव. माल लावून भिंतीत बसला की पडवी. तुम्ही भिंत मोजा. साहेबांनी कागद उघडला. त्यांच्याकडच्या कागदावर हातातल्या दगडाला रकाना नव्हता, भिंतीला होता. त्यांनी भिंत मोजली, तिच्यात देव सापडला नाही, पडवी असं लिहिलं आणि चहा न घेता गेले.

बाबली मात्र उभाच. म्हणाला, "मगे उचलूचो कसो?"

मी म्हटलं, "देवाक उचलतत तसो. हिसडो मारून देव उचलतत काय रे? समोर बस, मिठी मार, नि सावकाश ऊठ. एकट्यान येणा नाय तर दोघांनी हात लावा."

उंबऱ्यात अक्षयाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी तिच्याकडे असं बघितलं की तिने ते मिटलं.

बाबलीने चपला काढल्या. चिऱ्यासमोर बसला, अगदी तिने शिकवलं होतं तसा, कारण शिकवताना तो ओळंब्याची दोरी सोडवत होता तरी डोळे त्याचे तिथेच होते. चिऱ्याला मिठी मारली आणि उठला. नाकातून आवाज आला नाही. चिरा उराशी धरून तो तसाच उभा राहिला, पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि सपाट जमीन लागावी तसं तोंड करून. शेवंती पदराने डोळे पुसत म्हणाली, उदबत्तीचा धूर.

त्यानंतर कामाला जी गती आली ती विचारू नका. देव जमिनीवर ठेवायचा नाही म्हणून बाबलीने स्वतः मोडक्या बाकाला टेकू देऊन, वर फळ्या टाकून कमरेएवढा चौथरा केला, आणि नवा ट्रक आला तेव्हा ट्रकवाल्यांना दम भरून एकेक चिरा वरून थेट त्याच्यावर घेतला. ज्या गोष्टीसाठी माझा भात करपला होता ती आपोआप झाली. देवाला डोक्यावरून न्यायला शेवंतीला भीती वाटायला लागली, म्हणून दोघं मिळून दोन काठ्यांवर न्यायला लागली. नैवेद्याच्या वेळी देव हलवत नाहीत म्हणून दुपारी सगळे सावलीला पाठ टेकायला लागले. फक्त एक नवा घोटाळा झाला. सगळे चपला काढून चिरे उचलायला लागले, आणि अक्षया म्हणाली, चिरा पायावर पडला तर बोटं राहणार नाहीत. मग मला परत खळ्यात जाऊन सांगायला लागलं, की ह्यो देव खाणीतलो, चपलांक बोलणा नाय. त्यांनी ते सुद्धा मानलं. आता मी काय सांगीन ते देव मानतो असं झालं होतं, आणि त्याने मला उगाच भीती वाटायला लागली होती. रात्री दिवा लावताना मी देवाला सांगायची, माझं बोलणं मनावर घेऊ नकोस.

खूश नव्हती ती एकटी अक्षया. ती म्हणायची, आई, ही फसवणूक आहे. त्यांना मणका कळला नाही, मणक्यांमधली गादी कळली नाही, काहीच कळलं नाही. उद्या दुसऱ्या कामावर देव नसेल तेव्हा काय? मी तिला चहा गाळायला सांगितलं. अशा वेळी चहा उपयोगी पडतो.

पडवी झाली. कौलं चढली. भाईंनी येऊन खिडकी चुकीच्या जागी आहे असा निकाल दिला. काशीबाई घंटी घेऊन घरी गेली. बाबली हॉटेलाच्या कामाला लागला, आणि आमच्या घरात त्याचा विषय कोणी काढेनासं झालं, म्हणजे प्रत्येकाच्या मनात तोच होता.

मग एका संध्याकाळी तो आला. पडवीच्या कडेवर बसला, भिंतीला हात लावून बघितला, आंब्याचा विषय काढला, पावसाचा काढला. शेवंती बेड्यापाशी, कुंपणाच्या वाटेवर, उभी राहून आमच्या अबोलीकडे बघत होती, जणू अबोली तिने कधी बघितलीच नव्हती. बाबलीने मला सांगितलं, अक्षयाबायला जरा बाहेर बोलवा. मला वाटलं, झालं, आडवा पडायची वेळ आली. अक्षया आली.

"बाय, येक इचारूचा होता," तो म्हणाला. "थय सिमेंटाची पोती आसत. मुकादम एकेकट्याक उचलूक लावता. सिमेंटाच्या पोत्यात देव आसता काय?"

बाबली काही खुळा नाही. भिंतीत अर्धं सूत फरक असला तर त्याला झोप लागत नाही, त्याला पोत्यात काय असतं ते ठाऊक नाही होय? अक्षया एकदा मणका म्हणाली असती की तो मुंगी चावली म्हणून उठून गेला असता, आणि परत आला नसता. मणका हा शब्द तिच्या ओठांवर आलेला मला दिसला. माझ्या जिभेवर पन्नास गोष्टी होत्या. मी त्या सगळ्या गिळल्या, आणि ते मला सोपं गेलं नाही.

अक्षया त्याच्या बाजूला पडवीच्या कडेवर बसली.

"आसता," ती म्हणाली. "चिऱ्यातल्यापेक्षा कडक आसता. एकट्याक उचलूक देणा नाय. दोघांनी समोरासमोर बसान, पोटाशी धरून उचलूचो लागता. मुकादमाक तुमी सांगा, नायतर मी येवन सांगतंय."

बाबलीने मान हलवली. "माका तसाच वाटला होता," म्हणाला. उठताना कडेवर हात टेकला नाही. बेड्यापाशी शेवंतीने अबोलीचं एक फूल तोडलं, मला न विचारता, आणि दोघं गेली.

अक्षया तशीच बसून होती. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "अक्षया, ह्या येवढा पयल्याच दिसाक सांगितला असतंस, तर माझी पडवी आंबे उतरूच्या आदी पुरी झाली असती."